आधी आम्ही चढतो

४ जानेवारी

आजपासून दादाच्या कारखान्यात. 'कारखाना' हा दादाचा शब्द. खाली सुतारकामाची एक लांबलचक खोली, मागे उंच छपराची शेड आणि जिना चढून वर घर, एवढंच ते आहे. इथे लाकडी शिड्या बनतात. वायरमन, रंगारी, दुकानदार, ग्रंथालयवाले ही गिऱ्हाइकं. म्हणजे होती. हल्ली सगळे अ‍ॅल्युमिनियमच्या चकचकीत, स्वस्त शिड्या घेऊन जातात आणि आमच्या मात्र भिंतीला टेकून धूळ खातात.

माझी कंपनी दुसऱ्या कंपनीने विकत घेतली आणि मार्केटिंगचा विभाग त्यांच्याकडे आधीच होता. म्हणजे मी जास्तीचं सामान. दादा म्हणाला, "ये इकडे, खोली रिकामीच आहे." वहिनी म्हणाल्या, "या भावोजी, पण चहा आपला आपण करून घ्यायचा." झाली नेमणूक.

संध्याकाळी दादाला विचारलं, तुझं मार्केटिंग कोण बघतं? "पाटी आहे की बाहेर," तो म्हणाला. पाटीवर त्याचं नाव आहे, त्यातलंही एक अक्षर उडालेलं. मग चहाचा कप दोन्ही हातांत धरून, शेजाऱ्याची गोष्ट सांगावी तसं त्याने सांगितलं, की हे असंच चाललं तर उन्हाळ्यापर्यंत कारखाना बंद करावा लागेल. मिस्त्रींना आणि बाकीच्या सुतारांना अजून माहीत नाही. मी ज्याचा हात धरायला आलो तो माणूसच घसरायला लागलेला.

९ जानेवारी

दिवसभर हार्डवेअरच्या दुकानात स्टूल टाकून बसलो. दुकानदाराला वाटलं मी ऊन टाळतोय. मी शिडी घेणारी माणसं बघत होतो. मार्केटिंग म्हणजे जाहिरात असं दादाला वाटतं. जाहिरात नंतर येते. आधी नुसतं बघायचं असतं, की माणूस वस्तूपाशी आल्यावर करतो काय.

एकाने शिडी गदागदा हलवली. एकाने एक पाय पहिल्या पायरीवर ठेवला, दाबला आणि काढून घेतला. एका बाईंनी विक्रेत्याला विचारलं, "घसरणार नाही ना?" तो मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "छे हो." बाई काही न घेता गेल्या. सगळे किंमत विचारत होते, पण विचारायचं वेगळंच होतं. मी यावर पडलो तर? शिडी घ्यायला आलेला माणूस खरं तर भीती कमी करून घ्यायला येतो. आणि तिची किंमत तो देईल, कोणीतरी भरवसा दिला तर.

घरी येऊन हे दादाला मोठ्या थाटात सांगितलं. तो म्हणाला, "हे कळायला तुला दुकानात बसावं लागलं?"

आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे भरवसा पडून आहे, आम्ही तो शेडमध्ये कोंडून ठेवलाय! वडिलांचा नियम होता, ज्याचं नाव पाटीवर त्याने प्रत्येक शिडीवर स्वतः चढायचं. शेडचं दार लावून. अगदी वरपर्यंत जायचं, प्रत्येक पायरीवर सगळा भार टाकून हिसका द्यायचा, लाकूड काय म्हणतंय ते ऐकायचं. मनाला पटलं तर सगळ्यात वरच्या पायरीच्या खालून निळ्या रंगात अंगठा उठवायचा. दार लावायचं कारण वडील सांगायचे, बघणारं कोणी असलं की माणूस स्वतःचा धीटपणा दाखवत बसतो, शिडीचं ऐकत नाही. वडील गेल्यापासून दादा चढतो. इतकी वर्षं! आणि हे गिऱ्हाइकाला कोणी सांगितलेलंच नाही.

मी कागदावर लिहिलं: 'आधी आम्ही चढतो. मग तुम्ही.'

मिस्त्रींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "झकास!" वहिनींना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं, दादाकडे पाहिलं आणि पोळपाट धुवायला गेल्या. दादा म्हणाला, "हे नको." का, तर म्हणे आपलं काम आहे, त्याचा डांगोरा कशाला. या सोज्ज्वळपणानेच धंदे बसतात.

१७ जानेवारी

फोटो काढले. म्हणजे काढता काढता नाकी नऊ आले. फोटोग्राफरला दादा शिडीच्या टोकावर हवा होता. दादा शिडीच्या खाली उभा राहिला, दोन्ही हातांनी ती घट्ट धरून, पुतळ्यासारखा. "निदान तिसऱ्या पायरीवर तरी चढा," फोटोग्राफर म्हणाला. "मी नट नाही," दादा म्हणाला. मान वळवायची तर हा माणूस हल्ली सगळा वळतो, अंग आखडून. फोटोचं एवढं काय दडपण घ्यायचं ते कळत नाही. शेवटी खालीच उभा असलेला फोटो घेतला.

अंगठ्याचं मात्र सोनं झालं. भिंतीला टेकलेल्या एका शिडीवरचा ठसा फोटोग्राफरने असा काही टिपला आहे, की रेषा न् रेषा दिसते. मधोमध एक तिरपा जुना कापल्याचा व्रण. तो मोठा करून फलकावर घेतला, दाराएवढा. एक गंमत, ठसा फारच नाजूक वाटतो. लहानपणी पाठीत बसलेल्या दादाच्या धपाट्यांवरून माझा अंदाज वेगळा होता. लाकडात रंग मुरताना आकसत असेल.

३ फेब्रुवारी

लागलं! फलक लावले, दुकानादुकानांत चिठ्ठ्या लावलेल्या शिड्या उभ्या केल्या. चिठ्ठीवर दादाचा फोटो, अंगठा आणि ती ओळ. मी विक्रेत्यांना शिकवलं की बोलू नका, गिऱ्हाइकाला फक्त शिडी आडवी करून वरच्या पायरीखालचा ठसा दाखवा. लोक ठशावर बोट फिरवतात! दोन मोठी ग्रंथालयं, एक रंगाऱ्यांची टोळी, आणि वायरमन तर रांगेने. लाकडातून करंट येत नाही हेही मी चिठ्ठीत घातलंय. आठवड्याला दोन-तीन शिड्या जायच्या, आता दिवसाला तितक्या जातात. मिस्त्रींनी दोन सुतार नवे घेतले.

माझे पाय जमिनीला लागत नाहीयेत. दादाचा चेहरा मात्र एरंडेल प्यायल्यासारखा. जिन्यातला दिवा गेलाय, तो बदल म्हणून त्याला कधीचा सांगतोय. शिड्यांच्या घरात अंधार! "बघू," म्हणतो. शेवटी वहिनींनीच बदलला.

वहिनी दुपारी जाड कॅनव्हासची पिशवी शिवत होत्या. पाठीवर अडकवायच्या रुंद पट्ट्या, त्यांना दुहेरी शिवण. कशाला म्हणून विचारलं. म्हणाल्या, "भाजी आणायला. जुनी उसवली." एवढ्या मजबूत पिशवीतून भाजी आणणार, म्हणजे आमच्या घरी हत्ती जेवायला येतो की काय!

१६ फेब्रुवारी

वहिनींची कंबर धरली आहे. आज भात वाढायला वाकल्या आणि तशाच थांबल्या. मी म्हटलं, डॉक्टरकडे जा, नसते उद्योग करता, परवा लाकडाच्या ढिगापाशी तुम्हाला काय काम होतं? त्या हसल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "भावोजी, जरा हळू घेता येईल का? ऑर्डरी."

मी त्यांना समजावलं. बाजारात नाव झालं की ते ताजं असतानाच माल पोचवायचा असतो. दुकानातली जागा रिकामी राहिली की तिथे दुसऱ्याची शिडी उभी राहते. त्यांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, "बरं." बायकांना धंद्याची घाई कळत नाही, असं लिहिणार होतो. पण हिशोबापासून सुतारांच्या भांडणांपर्यंत सगळं वहिनीच निस्तरतात, म्हणून नाही लिहीत.

२२ फेब्रुवारी

आज एक विचित्र प्रकार. ग्रंथालयाचा टेम्पो दारात, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि शिड्या शेडमध्ये. दार लावलेलं. मी ठोठावलं. आतून कोणीतरी धापा टाकत उतरत असल्यासारखा आवाज आला, मग काहीतरी जड जमिनीवर आदळलं. बराच वेळ दार उघडेना. उघडलं ते वहिनींनी. चेहरा लाल, केस कपाळाला चिकटलेले, अंगठ्याला निळा रंग. आत दादा शिडीला हात लावून स्टुलावर बसलेला, खाली मान घालून. कोपऱ्यात ती भाजीची पिशवी, टम्म भरलेली.

मी काय ते समजलो. नवरा-बायकोचं कडाक्याचं भांडण झालेलं दिसतंय, आणि विषय मीच. भाजी आणायला निघालेल्या वहिनींना दादाने रंगाच्या डब्याला हात लावायला लावलं असेल, म्हणून जुंपली असेल. पाहुण्याने कानाडोळा करावा.

पण मनाला लागलं. ज्या घरासाठी मी ऊर फुटेस्तोवर धावतोय तिथे माझ्यामुळे भांडणं होत असतील, तर मी करतोय तरी काय?

२ मार्च

मोठं घबाड! शहरभर दुकानं असलेल्या कंपनीच्या खरेदीप्रमुख बाई आल्या होत्या. चपला काढून पहिली गोष्ट काय केली असेल, तर खोलीतल्या शिडीवर सरसर चढल्या. "चांगली आहे," म्हणाल्या, "पण चांगल्या शिड्या पुष्कळ मिळतात. मला तुमची ती ओळ हवी आहे." त्यांच्या सगळ्या दुकानांत फक्त आमच्या शिड्या. कारखाना बंद करायची भाषा कायमची संपली!

अट एकच. त्यांचं नवं दुकान उघडतंय, तिथे लोकांसमोर दादाने आमच्या सगळ्यात उंच शिडीवर चढायचं आणि वर जाऊन अंगठा उठवायचा. दादा म्हणाला, "आम्ही दार लावून चढतो." बाई म्हणाल्या, "तेच तर. एकदा दार उघडून दाखवा."

दादा म्हणाला, विचार करून सांगतो. बाईंसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

६ मार्च

चार दिवस हा गुळणी धरून बसला होता. आज मी त्याला गाठलंच. सरळ विचारलं, तुला माझा हेवा वाटतो का? वडिलांचं सगळं तुझ्याकडे आलं, पाटीवर तू एकटा, आणि आता धाकट्याने धंदा उभा केलेला तुला बघवत नाही?

मला आणखी चेव चढला. म्हटलं, "नाही म्हणायचं असेल तर म्हण. पण मग खाली जाऊन मिस्त्रींना तूच सांग, की उन्हाळ्यात दुसरीकडे काम बघा. नवीन घेतलेल्या दोघांनाही सांग."

वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "भावोजी, पुरे." इतका करडा आवाज मी त्यांचा ऐकला नव्हता. त्या पुढे काही बोलणार होत्या, पण दादाने हात वर केला.

"चढतो," तो म्हणाला. "कळव त्यांना."

वहिनी म्हणाल्या, "अहो!" आणि खुर्चीवर बसल्या.

जिंकलो खरा, पण झोप लागेल असं वाटत नाही.

११ मार्च

अक्षर कसंही येतंय. पण लिहिलं पाहिजे.

दुकानाच्या काचेच्या दारापुढे फरशीचं अंगण. मधोमध आमची घडीची शिडी, दुमजली घराच्या खिडकीपर्यंत पोचणारी. माणसं मोबाइल उंचावून उभी. माईक माझ्याकडे. वहिनी कधी कुठे येत नाहीत, आज आल्या होत्या आणि खुर्ची दिली तरी न बसता शिडीच्या पायाशी उभ्या होत्या, कंबरेवर हात दाबून. मी त्यांना दोनदा बाजूला व्हायला सांगितलं, फोटोत मध्ये येत होत्या. त्या हलल्या नाहीत.

दादाने शिडीला हात लावला, डोळे मिटून घेतले, उघडले आणि चढायला लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी माईकवर म्हणालो, "आधी आम्ही चढतो!" पुन्हा टाळ्या. चार-पाच पायऱ्या तो नीट गेला. मग हळू झाला. अर्ध्यावर गेल्यावर थांबला. मला वाटलं, उत्कंठा वाढवतोय. मनात म्हटलं, वा दादा, शिकलास! मी लोकांना म्हणालो, "आणखी वर जायचं ना?" लोक ओरडले, "हो!"

दादाने एक पाय उचलला. तो पाय पायरी शोधत हवेत फिरला आणि परत खाली आला. त्याने दोन्ही हातांनी शिडीला मिठी मारली, कपाळ लाकडाला टेकवलं.

वहिनींनी माझं मनगट धरलं. "माईक ठेवा खाली. वर्ष झालं, हे शिडीवर चढलेले नाहीत. सगळं फिरतं ह्यांच्यापुढे."

मला शब्द ऐकू आले, अर्थ लागेना. "मग शिड्यांवर कोण..."

"मी. नंतर विचारा. मीच गेले असते, पण आज मला दोन पायऱ्याही चढवणार नाहीत. जा ना भावोजी, जा!"

मी माईक कोणाच्या हातात दिला आठवत नाही. एवढं आठवतं, की पहिल्या पायरीवर पाय ठेवला तेव्हा कळलं, मी आमच्या शिडीवर आजपर्यंत एकदाही चढलेलो नाही. एकदाही नाही! फलक लिहिले, चिठ्ठ्या छापल्या, विक्रेत्यांना शिकवलं. मला टेबलावर उभं राहिलं तरी घाम फुटतो. खाली लोक अजून टाळ्या वाजवत होते, त्यांना हा खेळाचाच भाग वाटत होता.

मी त्याच्या मागून वर गेलो, दोन्ही बाजूंनी हात घालून शिडी धरली, माझी छाती त्याच्या पाठीला टेकवली. त्याची पाठ भिजली होती.

"कोण?" तो म्हणाला.

"मी."

"तू? तू कशाला चढलास? पडशील ना."

स्वतः लटकलेला, आणि काळजी माझी. मला रडूच आलं. म्हटलं, "डोळे मिट."

"मिटले की जास्त फिरतं."

"मग लाकडाकडे बघ. समोरच्या लाकडाकडे. डावा पाय खाली सोड, मी धरतो... सोड रे दादा. हां. आता उजवा."

त्याचा घोटा हातात धरून एकेक पायरीवर ठेवत होतो. मध्ये एकदा तो पूर्ण भाराने माझ्यावर रेलला आणि आम्ही दोघं शिडीसकट जाणार असं वाटलं. शिडी हलली नाही. कुरकुरलीसुद्धा नाही. खालून वहिनी सांगत होत्या, "तीन राहिल्या. दोन. हां, जमीन."

दादा फरशीवरच बसला. लोकांच्या टाळ्या थांबल्या होत्या.

खरेदीप्रमुख बाई जवळ आल्या. त्यांनी दादाला पाणी दिलं, मग विचारलं, "अंगठा कोणाचा?" वहिनींनी हात पुढे केला. अंगठ्यावर तिरपा व्रण. मागे फलकावर तोच अंगठा, दाराएवढा.

बाई म्हणाल्या, "अहो, मग लपवलंत कशाला? मी तुमचाच फोटो लावला असता." आणि लिहायला लाज वाटते, पण लिहितो. त्या क्षणी माझ्या डोक्यात नवी ओळ जुळायला लागली होती, वहिनींच्या फोटोसकट. भाऊ पायाशी ओकाऱ्या देत होता, आणि मी ओळ जुळवत होतो.

"पण मी माझ्या गिऱ्हाइकांना जे सांगितलं ते खोटं होतं," बाई म्हणाल्या. "शिड्या उचलून न्या."

१२ मार्च

दादाला कानाचा आजार आहे. मागच्या हिवाळ्यात ताप आला, तो गेला आणि भोवळ मागे राहिली. सपाट जमिनीवर जमतं, उंचीवर नाही. औषध चालू आहे, फरक पडेल न पडेल. मला का नाही सांगितलंस, विचारलं. म्हणाला, "तू आल्यावर सांगणारच होतो. पण त्याच्या आधी तू ती ओळ लिहिलीस."

वहिनींनी ती पिशवी दाखवली. आत वाळू. "मी ह्यांच्यापेक्षा कितीतरी हलकी. माझ्या वजनाला टिकली म्हणजे गिऱ्हाइकाच्या वजनाला टिकेलच असं नाही, म्हणून वाळू घेऊन चढते." मी ती पिशवी उचलून बघितली आणि लगेच खाली ठेवली. "एकही शिडी न चढता सोडलेली नाही हं, भावोजी. एकही नाही."

"कंबर मोडेपर्यंत?"

"आधी जमायचं की. आठवड्याला दोन-तीन असायच्या." त्या माझी समजूत घातल्यासारखं बोलत होत्या. "मग तुम्ही रांग लावलीत."

मी जिन्यात जाऊन बसलो. मी विकलेली प्रत्येक शिडी या बाईच्या पाठीवरून गेली. दुकानात दिवसभर बसून अनोळखी माणसांचे चेहरे वाचले, आणि भात वाढताना ज्या वाकल्या जागी थांबल्या त्यांना म्हणालो, नसते उद्योग करता.

१५ मार्च

प्रत्येक दुकानात जाऊन चिठ्ठ्या काढल्या. त्या जागी नवी लावली. तीत लिहिलंय, की शिड्या तपासल्या आहेत, पण फोटोतल्या माणसाने नाही, त्यांच्या पत्नीने, पाठीवर वाळू घेऊन. ज्यांना परत करायची असेल त्यांनी करावी. दुकानदार म्हणाले, वेडे आहात का? कोणी विचारलंय? खरंच कोणी विचारलं नव्हतं. आठ-दहा शिड्या परत आल्या. ऑर्डरी आटल्या. मिस्त्रींना दादाने सगळं सांगितलं, उन्हाळ्याचंसुद्धा. नवीन दोघं निघून गेले, मिस्त्री आणि जुने राहिले. किती दिवस राहतील, सांगता येत नाही.

रात्री जेवताना दादा म्हणाला, पाटी रंगवायची आहे, तुझं नाव घालतो. म्हणजे चढायचं मी! इतकी वर्षं त्या पाटीवर डोळा ठेवून होतो.

वहिनी म्हणाल्या, "आधी माझं. मी वर्षभर चढलेय."

आता पाटीवर तीन नावं आहेत, वहिनींचं मध्ये. रंग जरा ओघळलाय.

२७ मार्च

रोज सकाळी शेडमध्ये. दार लावून. दादा स्टुलावर बसतो, वहिनी फळीवर आडव्या. मी चढतो आणि दोघं खालून बोलतात, सगळं एकाच वेळी. पहिल्या दिवशी पाचव्या पायरीवरून परतलो. काल वर पोचलो, आणि वर पोचून काय ऐकायचं ते विसरलो. मला वाळू लागत नाही, तेवढं वजन पोटावर तयारच आहे. वहिनी म्हणतात, भीती गेली नाही तर बरंच, घाबरलेला माणूस नीट ऐकतो. भीती जायचं नावच घेत नाही.

५ एप्रिल

आज एक गिऱ्हाईक आलं. चिठ्ठी बदलल्यापासूनचं पहिलंच. एका शाळेचा वायरमन, टेम्पो घेऊन. सभागृहातले दिवे उद्या दुरुस्त करायचे आहेत, उंच शिडी आजच हवी. त्याने नवी चिठ्ठी वाचली होती. "हाच कारखाना ना, ज्यांनी स्वतःचंच पितळ उघडं पाडलं?" म्हणाला. मी म्हटलं, हो, हाच.

मिस्त्रींनी शिडी शेडमध्ये आणून उभी केली. आज वहिनी डॉक्टरकडे, दादा त्यांच्याबरोबर. मी एकटाच. दार लावलं आणि चढलो. प्रत्येक पायरीवर हिसका दिला. गुळगुळीत, देखणी शिडी. वरून तिसऱ्या पायरीवर काहीतरी वाटलं. आवाज म्हणावा असा आवाज नव्हता. तळव्याला कळावं इतपतच, की लाकूड किंचित मागे सरलंय. पुन्हा हिसका दिला. काही नाही. आणखी एकदा दिला. पुन्हा तेच, किंवा माझ्या मनाचा खेळ.

मी तिथेच थांबलो. खाली टेम्पोचं इंजिन चालू होतं. ही शिडी गेली तर महिन्यातली पहिली विक्री, उद्या शाळा दुसऱ्या शाळेला सांगेल, तोंडी कौतुकासारखी जाहिरात नाही, हे मीच लोकांना शिकवत आलो. रंगाचा डबा कोपरावर अडकवलेला होता. आणि ती पायरी कदाचित शंभर वर्षं टिकेलही. पण मला वायरमनचा चेहरा दिसत होता. गोल चेहऱ्याचा, पान खाल्ल्यासारखे ओठ, शर्टाच्या खिशाला टेस्टर.

खाली उतरून दार उघडलं. "ही नाही देता येणार," म्हटलं.

"का? मोडकी आहे?"

"माहीत नाही. मला खात्री नाही."

तो भडकला. इतक्या लांबून आलो, टेम्पोचं भाडं कोण देणार, मग ती चिठ्ठी कशाला लावता दुकानात? म्हटलं, "दुसरी उद्या संध्याकाळपर्यंत करून देतो."

त्याने आत डोकावून त्या उंच शिडीकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे. ते थरथरत होते, लपवता येत नव्हते. मग तो टेम्पोकडे गेला. ड्रायव्हरशी काहीतरी बोलला. इंजिन बंद झालं आणि तो परत आला.

"दिव्यांचं मी सांगतो शाळेत," तो म्हणाला. "परवा येतो. घाई करू नका."

मिस्त्रींनी ती शिडी आडवी करून पायरी काढायला घेतली. मी उंबऱ्यावर बसून राहिलो. दादा-वहिनी डॉक्टरकडून आले, तेव्हाही तिथेच बसलो होतो.